अवेटभाऊ

२०२० नंतर वऱ्हाडातल्या दर तालुक्याच्या गावी एक नवा इसम दिसू लागला. पूर्वी मास्तर, तलाठी, कंपाउंडर, कृषी केंद्रवाला आणि बँकेतला साहेब एवढी इस्त्रीच्या कपड्यातली माणसं गावाला पुरत. आता त्यांत माडीवरचा पोट्टा आला. हा कुठं जात नाही, कुठून येत नाही, पण पगार पुण्याचा घेतो. दिवसा झोपतो आणि रात्री बोलतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना कंपनीचं नाव छापलेली हुडी घालून कूलरसमोर बसतो, कारण मीटिंगमध्ये साहेबाला तोंड दाखवावं लागतं आणि हुडीच्या आत फक्त बनियन असते. लाइन गेली की आळीतली पहिली आरोळी त्याची. घरात इन्व्हर्टर आहे, दोन कंपन्यांचं इंटरनेट आहे, वर मोबाइलचा हॉटस्पॉट आहे, तरी आरोळी ठरलेली.

नांदगाव खंडेश्वरचा असा इसम म्हणजे अवेटभाऊ.

गाव तसं वाटेवरचं. अमरावतीहून यवतमाळला जाणारी गाडी इथं थांबते. खंडेश्वराचं हेमाडपंती देऊळ आहे, शिवारात कपाशी, तूर, सोयाबीन आहे. आता तालुक्यातून समृद्धी महामार्गही गेला, म्हणजे नागपूरची माणसं पूर्वी आमच्याकडे पाहून पुढं जात, ती आता न पाहता जातात. अशा गावात बडनेऱ्याला इंजिनिअरिंग करून, हिंजवडीत चार-पाच वर्षं काढून, २०२० च्या मार्चमध्ये शेवटच्या ट्रॅव्हल्सनं हा परत आला. "पंधरा दिवसांची गोठ हाय," असं घरी सांगून आला होता. कंपनीनं त्याला परत बोलावलं नाही आणि त्यानंही आठवण करून दिली नाही.

त्याचं खरं नाव आता रेशनकार्डावर तेवढं उरलं आहे. अवेटभाऊ हे नाव पडलं ते आजीमुळं. रात्री अकरा-बाराला हा माडीवरून फोनवर ओरडे, "अवेट कुठाय? परत अवेट विसरला न बे तू! अवेट नसला त हाती काहीच लागत नाई, हजार डाव सांगतलं तुले!" खाली ओसरीत आजी जागीच असे. एक दिवस तिनं शेजारणीला विचारलं, "कोन होय वं माय हा अवेट? रोज राती ह्याचं काम त्याच्यापाई अडते. आन् ते पोट्टं एक दिवस टायमावर येत नाई." शेजारणीनं ती गोष्ट नळावर नेली, नळावरून ती बसस्टँडवर गेली, आणि दोन दिवसांत पानठेल्यावरच्या पोरांनी त्याला हाक मारली, "काय अवेटभाऊ, आला का तो?"

आता त्याच्या ओरडण्यात तथ्य होतं हेही सांगितलं पाहिजे. हाताखालच्या एका पोरानं ग्राहकाचं नाव डेटाबेसमधून मागवलं आणि ते येईपर्यंत थांबायची ती अवेटची खूण लिहायला तो विसरला. नावाच्या जागी नावाचा नुसता वायदा हाती आला आणि तो तसाच छापला गेला. सकाळी महाराष्ट्रभरच्या सभ्य गृहस्थांना पत्रं गेली, "प्रिय ऑब्जेक्ट प्रॉमिस, आपले बिल भरण्याची मुदत संपत आहे." एक-दोघांनी बिल भरलंदेखील.

बसस्टँडसमोरच्या हॉटेलात (आमच्याकडे पत्र्याच्या खोपटात चहा-आलुबोंडा मिळाला की त्याला हॉटेलच म्हणतात) हा संध्याकाळी उतरतो. तिथं पीठगिरणीवाले काकाजी असतात, मोटर वाइंडिंगवाला असतो आणि पेन्शनीतले एक गुरुजी असतात. काकाजींनी एकदा सहज विचारलं, "तू दिवसभर करतं तरी काय बाबू?" हा प्रश्न अवेटभाऊला विचारायचा नसतो. तर्रीत बुडवलेला आलुबोंडा थंड होतो.

"काकाजी, तुमच्या गिरणीवर गडी एकच. बरोबर? आमचा नोड, सर्वरवर कोड चालवते तो, तसाच. हजार गिऱ्हाईक आले तरी आतमंधी जावास्क्रिप्ट चालवणारा गडी एक. त्यानं एकाच्याच डब्यापाशी उभं राहून जमत नाई. म्हनून लोक डबे ठेवतात आन् चालले जातात. आता दळण झाल्यावर पुढं काय, हे सांगाच्या दोन रीती. जुनी रीत कॉलबॅकची. गिऱ्हाईक डबा ठेवतानाच तुम्हाले सांगते, का पीठ झालं का माह्या पोराले फोन करजा, पोरगा घरी नेईन, नेलं का मायले सांगजा कणीक भिजव, भिजवली का बहिणीले सांगजा तवा ठेव, तवा तापला का..."

"अबे, मी दळू का त्याच्या घरचा संसार पाहू?"

"बस!" अवेटभाऊनं टेबलावर हात आपटला. "इतके वर्षं आम्ही हेच करत होतो. एकात एक, एकात एक. कोड उजवीकडं सरकत-सरकत पडद्याच्या बाहेर जाये. नवी रीत प्रॉमिसची. तुम्ही गिऱ्हाईकाले फक्त एक बिल्ला द्याचा. बिल्ल्याच्या तीन गती. पेंडिंग म्हंजे दळण बाकी. फुलफिल्ड म्हंजे पीठ तयार. रिजेक्टेड म्हंजे झालं नाई. एकदा निकाल लागला का बदलत नाई. पिठाचे परत गहू होत नाईत. पुढची पोळी-भाजी ज्याची त्यानं पाहावी."

काकाजी हिशेबी माणूस. म्हणाले, "आन् दळण बिघडलं, आन् ते आयकाले बिल्लेवाला आलाच नाई, त?"

"ते अनहँडल्ड रिजेक्शन, म्हंजे बिघाड झेलाले कॅच लावलंच नाई. पहिले नोड नुसता बडबडे, का पुढं कधीतरी याच्यापाई मी बंद पडन. लोकं दुर्लक्ष करत. मंग ऑक्टोबर २०२० मध्ये पंधरावं व्हर्जन आलं. तेव्हापासून खरंच बंद पडते. अख्खी प्रोसेस."

"म्हंजे एकाचं दळण बिघडलं, आन् तो आला नाई, त साऱ्या गावाची गिरणी बंद?"

"हाव."

काकाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोन्या शहान्यानं ठरोलं हे?"

"बरोबरच ठरोलं. बिघाड झाकून गिरणी चालू ठेवली, त उद्या साऱ्या गावाच्या पिठात रेती." गिरणी बंद करण्याचं तत्त्व काकाजींना आजतागायत पटलेलं नाही. रेतीचं मात्र पटलं.

इथवर हा चांगला शिक्षक आहे. भानगड पुढं सुरू होते, कारण अवेटभाऊचा खरा धर्म प्रॉमिस नाहीच. त्याचा धर्म नेटिव्ह. जे काम भाषेत आणि नोडमध्ये जन्मजात आहे तेच वापरायचं, बाहेरची लायब्ररी आणायची नाही, मध्ये कोणी नको. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेलं तयार कोड, फुकट मिळतं, जग त्यावर चालतं. पण अवेटभाऊच्या लेखी ते सगळे दलाल. आणि या धर्माचं एक पुराण आहे, ते लावलं की हॉटेलवाला स्टोव्ह बारीक करतो.

पुराणाचा नायक रायन डाल. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइकनं १९९५ साली दहा दिवसांत उभी केली ती ब्राउझरसाठी. २००९ साली डालनं गूगलचं व्हीएट इंजिन उचललं आणि तिला सर्वरवर आणलं, तोच नोड. "आता आयका," अवेटभाऊ आवाज खाली आणतो, "२००९ च्या जूनमंधीच डालनं नोडात प्रॉमिस टाकलं होतं. अंगचं! आन् फेब्रुवारी २०१० मंधी त्यानं आपल्या हातानं काढून टाकलं." इथं तो थांबतो. मोटर वाइंडिंगवाला दरवेळी विचारतो, "काहून?" आणि दरवेळी उत्तर मिळतं, "बुद्धी फिरली." डालचा विचार असा होता की गाभा लहान ठेवावा, साधे कॉलबॅक द्यावेत, वरची सजावट ज्याची त्यानं करून घ्यावी. विचार काही वेडगळ नव्हता, असं माझं मत आहे. पण हे मत मी हॉटेलात मांडत नाही.

पुढं २०१८ च्या जूनमध्ये याच डालनं बर्लिनच्या परिषदेत उभं राहून नोडबद्दलच्या आपल्या पश्चात्तापांची यादी वाचली. पहिलाच पश्चात्ताप प्रॉमिस काढून टाकल्याचा. त्याच व्यासपीठावर त्यानं डेनो नावाचा नवा संसार मांडला. नोडचीच अक्षरं उलटसुलट केलेला. त्या भाषणाचा व्हिडिओ अवेटभाऊला पाठ आहे. एकादशीला आजी हरिपाठ लावते तेव्हा माडीवर तो डालला लावतो.

गुरुजींना पुराणात मधल्या गाळलेल्या जागा दिसतात. त्यांनी विचारलं, "२०१० ला घरातून हाकललं. मग मधल्या काळात लोकांनी काय केलं?"

"बाहेरून आणलं," अवेटभाऊ नाइलाजानं म्हणाला.

बाहेरून आणलं ते असं. ख्रिस कोवालची क्यू आली. २०१३ मध्ये पेत्का अंतोनोवची ब्लूबर्ड आली आणि तिनं तर मैदान मारलं. प्रत्येकीचं प्रॉमिस थोडं निराळं वागे, म्हणून लायब्ररीवाल्या मंडळींनीच बसून एक सामाईक नियमावली केली, प्रॉमिसेस ए-प्लस. त्या नियमांच्या वळणानंच प्रॉमिस भाषेत आलं; २०१५ च्या जूनमध्ये मंजूर झालेल्या आवृत्तीत ते अधिकृत झालं. नोडच्या ०.१२ व्हर्जनमध्ये त्याच वर्षी फेब्रुवारीत ते पोहोचलंही होतं, कारण व्हीएट इंजिनात आधीच आलं होतं. अवेट ही खूण बिनशर्त मिळाली ती फेब्रुवारी २०१७ च्या ७.६ मध्ये. आणि फायली वाचणं-लिहिणं यांसारखी नोडची रोजची कामं प्रॉमिस देऊ लागली ती २०१८ च्या दहाव्या व्हर्जनपासून, तीही आधी 'प्रायोगिक' असा शिक्का मारून.

"म्हणजे," गुरुजी म्हणाले, "आज तू ज्याला घरचं म्हणतो, ते बाहेरच्यांनीच घडवून घरात आणून बसवलं."

"गुरुजी, तुम्ही इतिहासाचे. तुम्हाले टेक्निकल नाई समजणार."

"मी गणिताचा होतो."

गुरुजींचं म्हणणं खरं आहे आणि अवेटभाऊच्या साऱ्या स्वभावावर त्यात बोट ठेवलेलं आहे. घरचं म्हणून ज्याचा एवढा डंका, ते कालचं उपरंच असतं. फक्त त्याची नोकरी कायम झालेली असते. आणखी एक गोष्ट त्याच्यासमोर काढायची नसते. बरीच वर्षं ब्लूबर्ड ही अंगच्या प्रॉमिसपेक्षा वेगानं धावत होती. दलाल घरधन्यापेक्षा चपळ! व्हीएटवाल्यांनी २०१८ मध्ये अवेटमागच्या रांगेतल्या किमान तीन फेऱ्यांची एक केली, ते २०१९ च्या नोड बारामध्ये आलं, तेव्हा कुठं याला मान ताठ ठेवून बोलता येऊ लागलं. आता तर ब्लूबर्डचे कर्तेच सांगतात की जुन्या ब्राउझरची किंवा मुदत संपलेल्या नोडची अडचण नसेल तर अंगचं प्रॉमिस वापरा. ते वाक्य अवेटभाऊ कोणालाही, कोणत्याही विषयावर, पुरावा म्हणून दाखवतो.

याला हा ताप चढला कधी, तेही माहीत आहे. २०२० चा एप्रिल. सगळं बंद, रस्त्यावर पोलीस, हा नुकताच माडीवर स्थिरावलेला. एके दिवशी जगभरच्या प्रोग्रॅमरांची कामं एकदम अडली. कारण निघालं 'इज-प्रॉमिस' नावाचं एक पॅकेज. हाती आलेली वस्तू प्रॉमिस आहे की नाही एवढंच ते सांगतं; आतला ऐवज जेमतेम एका ओळीचा. कर्त्यानं त्याला नव्या पद्धतीचं वळण देताना नवीन आवृत्ती चुकीची सोडली आणि त्यावर उभे असलेले मोठमोठे डोलारे बसले. चार वर्षांपूर्वी, मार्च २०१६ मध्ये, लेफ्ट-पॅड नावाच्या अकरा ओळींनी हेच केलं होतं. "एका ओळीपाई!" अवेटभाऊ त्या दिवशी गच्चीवर उभा राहून ओरडला. "एक ओळ यायले स्वतः लिहिता येत नाई!" समोरच्या गच्चीवर वडे वाळत घालणाऱ्या बाईला वाटलं, पोट्टा लोकांच्या लव्हलेटरबद्दल बोलतो.

त्या दिवसापासून मध्यस्थ बंद. कोडमध्ये बंद आणि घरातही बंद.

घरात पहिला बळी गेला बाबांच्या कापूस-व्यापाऱ्याचा. गेली कित्येक वर्षं गावातलाच एक व्यापारी घरी येऊन कापूस मोजून नेई. "बाबा, त्याचं काय काम हाय मधात? आपुन डायरेक्ट सरकारी केंद्रावर नेऊ, हमीभावानं देऊ." ऑनलाइन नोंदणी यानंच केली, मेसेज आला, टेम्पो ठरला, हमाल ठरले. केंद्रावर गाड्यांची रांग. रात्र टेम्पोत काढली. सकाळी ओलाव्याचं यंत्र कापसात खुपसलं, तर आकडा बाराच्या वर. बारा टक्क्यांच्या वर ओलाव्याचा कापूस केंद्र घेत नाही. "रिजेक्ट," मोजणारा म्हणाला.

"कॅच काहीतरी लावलं होतं का?" हॉटेलात मोटर वाइंडिंगवाल्यानं विचारलं. तो हळूहळू शिकतो आहे.

कॅच बाबांनी लावलं. येताना त्यांनी टेम्पो सरळ त्या व्यापाऱ्याच्या दारात उभा केला. भाव कमी मिळाला, पण व्यापाऱ्यानं ओलावा पाहिला नाही, आणि जूनमध्ये बियाण्यासाठी दिलेले पैसे कापून उरलेले रोख दिले. जूनमध्ये पैसे घेतले होते ही गोष्ट अवेटभाऊला त्या दिवशी कळली. मधला माणूस मधल्या वेळेत बरंच काही सांभाळत असतो. ते त्याला काढून टाकेपर्यंत दिसत नाही. (व्यापारी संत होता असं मी म्हणत नाही. काट्यात तो काय करतो ते सारं गाव जाणतं.)

हाच धडा त्याला कोडमध्येही मिळाला, आणि तिथला टेम्पो फारच मोठा होता.

कंपनीच्या एका जुन्या कामात ब्लूबर्ड ठायी ठायी पेरलेली होती. ग्राहकांना दर महिन्याला बिलाचे निरोप पाठवणारं काम. अवेटभाऊनं साहेबांना पटवून तिची हकालपट्टी मंजूर करून घेतली. रात्रभर बसला. आजीला वाटलं, आज अवेट येणार. एकेका फाइलमधून ब्लूबर्ड वेचून काढली आणि तिथं अंगचं प्रॉमिस बसवलं. पहाटे चाचण्या हिरव्या. चाचणीत ग्राहक दहा होते.

आता ब्लूबर्डमध्ये एक सोय होती. यादीतल्या प्रत्येकाचं काम करताना तिला सांगता येई, की एका वेळी विसांपेक्षा जास्त हाती घेऊ नको. अंगच्या प्रॉमिसात ती सोय नाही. तिथं प्रॉमिस डॉट ऑल आहे. ते फक्त सगळ्यांचे निकाल गोळा करतं. यादीवरून कामं सुरू होतात ती एकदम, सगळीच्या सगळी. एक तारखेला सकाळी हजारो ग्राहकांची यादी सुटली आणि हजारो विनंत्या एका क्षणात डेटाबेसच्या दारावर जाऊन उभ्या राहिल्या. दार मोजक्याच जोडण्यांचं. डेटाबेस बसला.

बरं, प्रॉमिस डॉट ऑलचा स्वभाव असा, की एक जरी नापास झालं तरी ते लगेच 'सगळं नापास' असं जाहीर करतं. पण बाकीचे सुटलेले बाण परत भात्यात घेत नाही. ते आपले लागतच राहतात. अवेटभाऊनं पाहिलं, नापास, पुन्हा चालवलं. पुन्हा नापास, पुन्हा चालवलं. ज्यांचे निरोप पहिल्याच खेपेला गेले होते त्यांना ते पुन्हा पुन्हा गेले. एका ग्राहकानं उलट कळवलं, "भरतो हो. एवढं बापही मागं लागला नव्हता."

त्या संध्याकाळी हॉटेलात तो आला नाही. दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "अंगच्या प्रॉमिसात दोष नाई. मले लिमिट स्वतः लिहा लागन."

लिहिलं. पन्नासेक ओळींची फाइल केली, नाव दिलं मदत डॉट जेएस. तिच्यात एका वेळी किती कामं घ्यायची ते सांगणारं फंक्शन. मग लक्षात आलं की ठरावीक वेळात उत्तर आलं नाही तर नाद सोडायची सोयही ब्लूबर्ड देत होती; तीही लिहिली. मग थोडं थांबून पुढं जाण्याची. मग फसलं तर पुन्हा प्रयत्न करण्याची. महिन्याभरात फाइल लांबली, तिच्या चाचण्या आल्या, वापरायची पद्धत सांगणारं टिपण आलं. पुण्याच्या दोन पोरांनी ती आपल्या कामात उचलून नेली. मग एका मीटिंगमध्ये एक जण सहज म्हणाला, "तुझी ती लायब्ररी मस्त आहे."

माडीवरून जो आवाज आला, त्यानं खाली ओसरीत बांधलेली शेळी उठून उभी राहिली.

एक कबूल केलं पाहिजे, मदत डॉट जेएस कमी करण्याची एकही संधी तो सोडत नाही. नोडनं थांबायची सोय प्रॉमिसच्या रूपात स्वतःच दिली, त्या दिवशी त्यानं फाइलमधलं आपलं फंक्शन पुसलं आणि हॉटेलात सगळ्यांचा चहा दिला. एप्रिल २०२२ मध्ये अठराव्या व्हर्जनात फेच आला, म्हणजे इंटरनेटवरून माहिती मागवायला बाहेरचं पॅकेज लागेनासं झालं, तेव्हा पेढे. काकाजींनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "पोरगा झाला का?" त्या वेळी याचं लग्नही झालं नव्हतं.

लग्नाचंही असंच. स्थळं मामाजी आणत. अवेटभाऊ म्हणाला, "मामाजी, तुम्ही मधात नका. मी पोरीशी डायरेक्ट बोलन." मामाजी दुखावले, वऱ्हाडात लग्न जुळवणं हा मामाचा हक्क आहे आणि नंतर रुसणं हे कर्तव्य. मुलगी अमरावतीची, बँकेत नोकरीला. पोहे झाल्यावर दोघं आतल्या खोलीत बोलायला बसली. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "राहायचं कुठं? पुण्याला, की नांदगावला?"

"तो निर्णय पेंडिंग आहे," हा म्हणाला.

"किती दिवस?"

अवेटभाऊ खोटं बोलत नाही. "तसा टाइमआउट नसतो त्याला," तो म्हणाला.

"मग मी लावते. संक्रांतीपर्यंत. पुढं माझा नकार समजा."

घरी आला तो उड्या मारत. "मामाजी, पोरीनं प्रॉमिस डॉट रेस लावली! एकीकडं माह्यं उत्तर, एकीकडं घड्याळ, जे पहिले येईन ते खरं! हेच पाहिजे!" मामाजींनी टोपी काढून विचारलं, "होकार होय का नकार?" ते याला सांगता येईना. मग संक्रांत जवळ येत गेली आणि हा उत्तराचा विचारच करत राहिला, कारण रेस कशी लागली याच्या आनंदात आपल्याला धावायचंही आहे हे तो विसरला होता. भोगीच्या दिवशी मामाजींनी याला न विचारता दोन फोन केले. एक मुलीच्या वडिलांना, एक याच्या बाबांना. ठरलं नांदगाव; मुलीनं बँकेसाठी बसनं अमरावतीला अप-डाउन करावं, आणि इकडच्या शाखेत बदलीचा अर्ज टाकावा. बदलीचा निकाल अजून लागलेला नाही. अवेटभाऊ मात्र मित्रांना सांगतो, लग्न मी डायरेक्ट जमवलं, मधात कोणी नव्हतं. मामाजी ऐकतात आणि रुसतात.

आजी सुनेला पहिल्याच दिवशी म्हणाली, "तू आली ते बेस झालं बाई. पहिले हा राती-राती त्या अवेटले बोलावे."

सून शहाणी निघाली. नवऱ्याचं पुराण तिनं एकदाच पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचा नोड व्हीएट इंजिनावर चालतो. ते गूगलचं. मग यात तुमच्या घरचं काय आहे?" अवेटभाऊनं यावर बन नावाच्या तिसऱ्या संसाराची माहिती दिली. २०२३ च्या सप्टेंबरात त्याचं पहिलं पक्कं व्हर्जन आलं, आणि त्याच्या पोटात व्हीएट नाही. "मग काय आहे?" "जावास्क्रिप्टकोर. ॲपलचं." तिनं डबा उचलला आणि बस गाठली.

एवढं सारं असून माणूस कामाचा आहे, हे मी मनापासून सांगतो. रात्री दोन वाजता अमेरिकेतलं कोणाचं दुकान बंद पडलं तर नांदगाव खंडेश्वरच्या माडीवरून ते अर्ध्या तासात चालू होतं, फक्त लाइन असली पाहिजे. फसलेलं काम तो लपवत नाही, आपल्याच चुकीचं पोस्टमॉर्टेम चारचौघांत करतो, आणि गावातल्या पोरांना फुकट शिकवतो; मोटर वाइंडिंगवाल्याच्या पोरीनं त्याच्याकडूनच शिकून बडनेऱ्याला प्रवेश घेतला. तुमच्याकडे जुन्या नोडमध्ये अडकलेलं एखादं काम असेल, आत ब्लूबर्ड किंवा क्यू दडून बसलेली असेल, तर दुसरीकडं जाऊ नका. बसस्टँडवर उतरून अवेटभाऊ विचारा, कोणीही माडी दाखवेल. एका वेळी किती रेकॉर्ड सोडायची तो आकडा तेवढा त्याला आधी लेखी द्या, आणि मदत डॉट जेएसला त्याच्या तोंडावर लायब्ररी म्हणू नका.